रिकामा प्रोसेसर, थांबलेलं काम

2012 च्या जानेवारीत लिनक्स कर्नेलची 3.2 ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यातल्या एका बदलाने शेड्युलरचा जुना धर्म मोडला. कोणत्या प्रोसेसने केव्हा आणि किती वेळ प्रोसेसर वापरायचा, हे ठरवणारा कर्नेलचा भाग म्हणजे शेड्युलर. काम तयार आहे आणि प्रोसेसर मोकळा आहे, तर काम लगेच सुरू करायचं, हा त्याचा पहिला नियम. संगणकाच्या एकेका मिनिटाला सोन्याचं मोल होतं तेव्हापासून तो चालत आलेला. 3.2 पासून मात्र यंत्राच्या व्यवस्थापकाला असं सांगता येऊ लागलं की, अमुक गटाने दर 100 मिलिसेकंदांत 20 मिलिसेकंदच चालायचं. ती संपली की थांबायचं. प्रोसेसर रिकामा असला तरी थांबायचं.

काम तयार असताना यंत्र मुद्दाम रिकामं ठेवायचं, ही मागणी संगणकशास्त्राच्या पोटातून आलेली नाही. ती व्यवहारातून आली, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला पन्नास वर्षं लागली. या पन्नास वर्षांत लोकांना हळूहळू उमगत गेलं की ‘प्रत्येकाला वाटा द्या’ आणि ‘कुणालाही अमुकपेक्षा जास्त देऊ नका’ या दोन अगदी वेगळ्या मागण्या आहेत. पहिली बरीच लवकर भागली. दुसरी भागवताना चांगल्या चांगल्या अभियंत्यांची दमछाक झाली.

वाटणीचा प्रश्न पहिल्यांदा ठसठशीतपणे उभा राहिला तो 1961 च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीत. तोपर्यंत संगणक वापरायचा म्हणजे छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील निकाल घ्यायला यायचं. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम 709 या यंत्रावर सीटीएसएस नावाची व्यवस्था चालवून दाखवली. एकाच यंत्राला अनेक टर्मिनलं जोडलेली, प्रत्येकासमोर एक माणूस, आणि प्रत्येकाला वाटावं की यंत्र आपल्याशीच बोलतंय. हे साधायचं तर यंत्राने क्षणाक्षणाला एकाचं काम बाजूला ठेवून दुसऱ्याचं हाती घ्यायला हवं. पण एखाद्याचं गणित तासभराचं असेल आणि शेजारच्याला एका ओळीचं उत्तर हवं असेल, तर कुणाला किती वेळ द्यायचा?

कोर्बाटो यांच्या गटाने 1962 च्या निबंधात यावर जे उत्तर मांडलं, ते आजही शिकवलं जातं. त्यांनी रांगांच्या पायऱ्या केल्या. नव्या कामाला आधी थोडा वेळ मिळणार; तेवढ्यात ते आटपलं नाही तर ते एक पायरी खाली जाणार. खालच्या पायरीवर पाळी उशिरा येते, पण आली की दुप्पट वेळ मिळतो. छोट्या कामांची झटपट सुटका होते आणि मोठी कामं रेंगाळत का होईना, पूर्ण होतात. युक्ती सुंदर होती. मात्र तिचं लक्ष कामाकडे होतं, ते काम देणाऱ्या माणसाकडे नव्हतं.

पुढे बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्सनेही हेच धोरण वेगळ्या रीतीने चालवलं. जी प्रोसेस जास्त वेळ खाते तिचा अग्रक्रम उतरत जातो. जी थांबून राहते तिचा वर येतो. शिवाय ‘नाइस’ नावाची आज्ञा होती, तिने आपलं काम आपणहून मागे सारता येत असे. व्यवस्था सज्जनांसाठी उत्तम होती. पण तिच्या लेखी सगळ्या प्रोसेस सारख्या होत्या. एकाने एक प्रोसेस सुरू केली आणि दुसऱ्याने वीस, तर दुसऱ्याला यंत्राचे वीस वाटे मिळत. जास्त मागणाऱ्याला जास्त, असा हा न्याय झाला.

हा अन्याय सगळ्यांत जास्त कुठे जाणवणार? विद्यापीठात. प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की सारे विद्यार्थी एकदम यंत्रावर तुटून पडतात, आणि ज्याला यंत्राच्या खोड्या माहीत असतात तो बाकीच्यांना उपाशी ठेवतो. सिडनी विद्यापीठातल्या ज्यूडी के आणि पिअर्स लॉडर यांनी यावर जी व्यवस्था उभारली, तिचा निबंध 1988 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. बेल लॅब्जमधल्या जी. जे. हेन्री यांचा याच विषयावरचा निबंध त्याआधी, 1984 मध्ये आला होता. दोन्हींचा गाभा एकच: वाटा प्रोसेसला द्यायचा नाही, माणसाला किंवा माणसांच्या गटाला द्यायचा. के आणि लॉडर यांच्या व्यवस्थेत प्रत्येक वापरकर्त्याच्या नावावर काही शेअर असत. त्याने केलेला वापर मोजला जाई, आणि जुना वापर हळूहळू विसरला जाई. वाट्यापेक्षा जास्त खाल्लेल्या माणसाच्या सगळ्या प्रोसेसचा अग्रक्रम खाली येई, मग त्या एक असोत की वीस. विभागाला वाटा आणि विभागातल्या माणसांना त्या वाट्यातला वाटा, अशी उतरंडही तिथे होती. मला हा निबंध या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा वाटतो, कारण न्यायाचं एकक काय असावं हा प्रश्न त्याने नेमका धरला. आजच्या प्रत्येक सर्व्हरवर जी गटवार वाटणी चालते, तिचं मूळ तिथे आहे.

पण ही व्यवस्थाही जुन्या धर्माला धरूनच होती. रात्री सगळे झोपले असताना एकच विद्यार्थी जागा असेल, तर पूर्ण यंत्र त्याचं. वाटा हा भांडणाच्या वेळेपुरता. भांडण नसेल तर मर्यादाही नाही. युनिक्समध्ये प्रोसेसच्या वेळेवर मर्यादा घालायची सोय 4.2 बीएसडीपासून होती, पण ती प्रोसेसच्या आयुष्यभराची मर्यादा होती. एकूण इतकी सेकंदं वापरलीस की तुला सिग्नल पाठवू आणि संपवू, असा तिचा अर्थ. बेफाम सुटलेल्या प्रोग्रॅमला आवरायला ती ठीक होती. महिनोन्महिने अखंड चालणाऱ्या सर्व्हरचा वेग मर्यादेत ठेवायला तिचा काही उपयोग नव्हता.

वेगाची मर्यादा पहिल्यांदा रुजली ती जिथे वेळेचं बिल होतं तिथे. मोठ्या आयबीएम मेनफ्रेमवर सॉफ्टवेअरचं भाडं यंत्राच्या क्षमतेवर आकारलं जाई, म्हणून तिथे एखाद्या भागाला ठरावीक क्षमतेपुढे जाऊ न देण्याची सोय आली. आभासी यंत्रांच्या जगातही तेच घडलं. 1994 मध्ये कार्ल वाल्डस्पर्गर आणि विल्यम वाइल यांनी लॉटरीची तिकिटं वाटून प्रोसेसरचा वेळ विभागण्याची कल्पना मांडली. वाल्डस्पर्गर पुढे व्हीएमवेअरमध्ये गेले. व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर प्रत्येक आभासी यंत्राला तीन गोष्टी ठरवून देता येत: वाटा, किमान हमी आणि कमाल मर्यादा. आभासी यंत्रं चालवणाऱ्या झेन या व्यवस्थेच्या शेड्युलरमध्येही वजन आणि मर्यादा असे दोन वेगळे आकडे होते. 2006 च्या ऑगस्टमध्ये अॅमेझॉनने ईसी2 ही सेवा सुरू केली आणि प्रोसेसरचा वेळ तासाच्या भावाने विकायला काढला. विकणाऱ्याला आता मोजून देणं भाग होतं.

लिनक्स यात बराच मागे होता. आयबीएमच्या अभियंत्यांनी 2003 च्या सुमारास कामांचे वर्ग पाडून साधनं वाटणारी सीकेआरएम नावाची मोठी रचना पुढे आणली होती. ती अवजड ठरली आणि मुख्य कर्नेलमध्ये कधीच शिरू शकली नाही. प्रोसेस अधूनमधून थांबवून पुन्हा सुरू करणारी छोटी साधनं लोक बाहेरून वापरत. शेड्युलरला अंधारात ठेवून केलेला तो खटाटोप होता.

मग 2007 साल उजाडलं. लिनक्सच्या शेड्युलरचा हा सगळ्यांत वादळी काळ. तेव्हाचा शेड्युलर हंगेरीच्या इंगो मोल्नार यांचा होता. तो वेगवान होता, पण कोणता प्रोग्रॅम माणसाशी संवाद साधतोय आणि कोणता नुसता गणितं करतोय, हे तो अंदाजाने ओळखू पाहायचा. अंदाज चुकला की गाणं अडखळायचं, खिडकी सरकवताना पडदा थिजायचा. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिव्हास यांना हे सहन होत नव्हतं. ते पेशाने भूलतज्ज्ञ, कर्नेलचं काम हौसेने करणारे. अंदाजबाजी सोडून सरळ समान वाटणी केली तर माणसाला यंत्र चपळ वाटतं, हे त्यांनी स्वतःच्या शेड्युलरने दाखवून दिलं. ते वर्षानुवर्षं पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, पाठवत होते, आणि 2007 च्या मार्चमध्ये त्यांचाच शेड्युलर स्वीकारला जाईल अशी चिन्हं होती.

13 एप्रिलला मोल्नार यांनी स्वतःचा नवा शेड्युलर जाहीर केला: कम्प्लीटली फेअर शेड्युलर, म्हणजे सीएफएस. त्यांच्याच सांगण्यानुसार तो 62 तासांत लिहिलेला होता. न्याय्य वाटणीची दिशा कोलिव्हास यांच्या कामातून मिळाली, हे त्यांनी मान्य केलं. ऑक्टोबरमध्ये आलेल्या 2.6.23 मध्ये सीएफएस दाखल झाला. कोलिव्हास तोवर कर्नेलचं काम सोडून निघून गेले होते. सीएफएसची रचना अधिक स्वच्छ होती हे खरं. पण ज्याने वर्षानुवर्षं एकट्याने हा मुद्दा लावून धरला त्याला दार उघडलं गेलं नाही, हा लिनक्सच्या इतिहासावरचा डाग आहे असं माझं मत आहे.

सीएफएसचं तत्त्व सोपं होतं. प्रत्येक प्रोसेसच्या नावावर तिने किती वेळ वापरला याची नोंद ठेवायची. नोंद वजनानुसार मोठी-छोटी करायची आणि ज्याची नोंद सर्वांत कमी त्याला पुढची पाळी द्यायची. या नोंदी क्रमाने लावलेल्या झाडात ठेवल्या जात, त्यामुळे सर्वांत मागे पडलेला चटकन सापडे. या रचनेत एक मोठी सोय दडलेली होती. झाडाचं पान म्हणजे एकच प्रोसेस असायला हवी असं काही नाही. ते पान एक अख्खा गट असू शकतं, आणि त्या गटाच्या पोटात त्याचं स्वतःचं झाड असू शकतं. के आणि लॉडर यांची उतरंड इथे जणू आपोआप बसत होती.

ती बसवण्याचं काम झालं बंगळुरूत. आयबीएमच्या तिथल्या लिनक्स केंद्रातले श्रीवत्स वड्डागिरी आणि त्यांचे सहकारी यांनी सीएफएसला गट ओळखायला शिकवलं. त्याच सुमारास गूगलचे पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी प्रोसेसचे गट बांधायची एक सर्वसाधारण चौकट तयार केली होती. आधी ‘प्रोसेस कंटेनर्स’ आणि मग ‘कंट्रोल ग्रुप्स’, म्हणजेच सीग्रुप, या नावाने ती प्रसिद्ध झाली. 2008 च्या जानेवारीत आलेल्या 2.6.24 मध्ये ही चौकट आणि गटवार शेड्युलिंग या दोन्ही गोष्टी एकदम आल्या. एका गटाला 1024 वजन, दुसऱ्याला 2048, तर भांडण झालं की एकास दोन अशी वाटणी. पहिल्या गटात एक प्रोसेस असो की शंभर, फरक नाही. बंगळुरूच्याच बलबीर सिंग यांनी स्मृतीच्या वापरावर गटवार मर्यादा आणली, तीही लगोलग 2.6.25 मध्ये आली. आज जगभरचे कंटेनर, म्हणजे आपापल्या गटात बंदिस्त चालणारे प्रोग्रॅम, ज्या पायावर उभे आहेत, त्याचे कितीतरी दगड बंगळुरूत घडवले गेले. आपल्याकडे याचा उल्लेख होत नाही, म्हणून इथे मुद्दाम करतो.

वाट्याचा प्रश्न इथे सुटला. मर्यादेचा राहिला. 2009 मध्ये बंगळुरूच्याच भरत राव यांनी सीएफएससाठी ‘हार्ड लिमिट’चा प्रस्ताव मांडला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच की यंत्र रिकामं असताना कामाला अडवायचं कशासाठी? त्यांचं उत्तर व्यवहाराचं होतं. ग्राहक ठरावीक क्षमतेचे पैसे देत असेल तर त्याला तेवढीच मिळायला हवी. आज शेजारी शांत आहे म्हणून त्याला फुकट दुप्पट मिळाली, तर उद्या शेजारी जागा झाल्यावर त्याला आपलं यंत्र मंदावल्यासारखं वाटेल, आणि त्याची तक्रारही रास्तच असेल. रोज सारखंच मिळणं ही देखील एक सेवा आहे, आणि ती फक्त वाट्याने देता येत नाही.

हा युक्तिवाद गूगलला पटण्यासारखाच होता, कारण हजारो यंत्रांवर शोध, मेल आणि रात्रंदिवस चालणारी मोठी गणितं ते एकत्र चालवत होते. गूगलचे पॉल टर्नर यांनी 2010 च्या फेब्रुवारीत वेगळ्या रचनेचे पॅच पाठवले; भरत राव आणि निखिल राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स परिषदेत आला. बंगळुरूतून निघालेला प्रस्ताव आणि कॅलिफोर्नियातली गरज यांचा असा मेळ बसला. दीडदोन वर्षांच्या छाननीनंतर 3.2 मध्ये ते काम दाखल झालं.

त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. प्रत्येक गटाला दोन आकडे मिळतात: कोटा आणि पिरियड. पिरियड न सांगितल्यास 100 मिलिसेकंदांचा. कोटा 50 मिलिसेकंदांचा दिला तर अर्धा प्रोसेसर, 200 दिला तर दोन प्रोसेसर. हिशोब ठेवायला एकच सामायिक खातं ठेवलं असतं, तर दर क्षणी सगळे कोअर, म्हणजे यंत्रातले वेगवेगळे प्रोसेसर, त्या खात्याच्या एका कुलपासाठी ताटकळले असते. म्हणून टर्नर यांनी साठा दोन ठिकाणी ठेवला. गटाचा मुख्य साठा एक; त्यातून प्रत्येक कोअर गरज पडेल तसा 5 मिलिसेकंदांचा तुकडा उचलतो आणि आपल्यापाशी ठेवून खर्च करतो. तो संपला की पुन्हा मुख्य साठ्याकडे जातो. तिथेही खडखडाट असेल तर त्या कोअरवरचा गट थांबतो. त्यालाच थ्रॉटल होणं म्हणतात. पिरियड संपला की टायमर वाजतो, साठा पुन्हा भरतो आणि थांबलेले चालू लागतात.

याचे परिणाम पहिल्या नजरेला कळत नाहीत. समजा कोटा 20 मिलिसेकंदांचा आहे आणि वेबसाइटच्या एका विनंतीला 30 मिलिसेकंदांचं गणित लागतं. पिरियडच्या सुरुवातीला काम हाती घेतलं तर 20 मिलिसेकंदांनी ते थांबेल, 80 मिलिसेकंद वाट पाहील आणि उरलेली 10 पुढच्या पिरियडमध्ये वापरेल. 30 ऐवजी 110 मिलिसेकंद. आता समजा कोटा पूर्ण एका प्रोसेसरचा, म्हणजे 100 मिलिसेकंदांचा आहे, पण प्रोग्रॅमने दहा कोअरवर दहा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे दहा धागे, सोडले. सगळा कोटा 10 मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेली 90 मिलिसेकंदं सगळं ठप्प. सरासरी वापर पाहणाऱ्याला यात काहीच गैर दिसत नाही. उत्तराची वाट पाहणाऱ्याला मात्र दिसतं.

सुरुवातीची काही वर्षं ही गोष्ट मोठ्या कंपन्यांच्या चार भिंतींत राहिली. 2013 च्या मार्चमध्ये कंटेनर बनवणारं डॉकर आलं, 2014 मध्ये कंटेनर अनेक यंत्रांवर चालवणारं कुबरनेटिस, आणि त्या भिंती पडल्या. कुबरनेटिसमध्ये प्रत्येक कंटेनरसाठी ‘रिक्वेस्ट’ आणि ‘लिमिट’ असे दोन आकडे लिहायचे असतात. पहिला आकडा शेड्युलरमधलं वजन होतो, दुसरा कोटा. पन्नास वर्षांत दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन मागण्या एकाच फाइलमध्ये खालीवर लिहिल्या जाऊ लागल्या, आणि हजारो तरुण अभियंत्यांना त्या एकाच मागणीच्या दोन बाजू वाटू लागल्या. अर्धा प्रोसेसर हवा, म्हणून लिमिटही अर्ध्या प्रोसेसरची, असं सरसकट लिहिलं जाऊ लागलं.

प्रोग्रॅमिंगच्या भाषाही यासाठी तयार नव्हत्या. जावा आणि गो या दोघींची व्यवस्था यंत्रात किती कोअर आहेत ते पाहून थ्रेड सोडत असे. कंटेनरला दोन कोअरचा कोटा असला तरी यंत्रातले चौसष्ट कोअर त्यांना दिसत. जावाने 2018 च्या दहाव्या आवृत्तीपासून कंटेनरची मर्यादा ओळखायला सुरुवात केली. गो भाषेला ही समज आपणहून यायला 2025 चा ऑगस्ट उजाडला.

दरम्यान आलं ते प्रकरण, ज्याने हा विषय घराघरांतल्या नाही तरी कार्यालयांतल्या चर्चेत आणला. 2018 च्या सुमारास जगभरच्या कुबरनेटिस वापरणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. कंटेनर आपल्या कोट्याच्या आत, कधी कधी निम्म्याहूनही कमी वापर करत होते आणि तरीही सतत थ्रॉटल होत होते.

कारण त्या 5 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत होतं. ज्यांनी कालव्याच्या पाण्याचं आवर्तन पाहिलंय त्यांना ते लगेच कळेल. चाऱ्या पुष्कळ असल्या की प्रत्येक चारीत थोडं थोडं पाणी मुरतं. एकेका चारीपुरतं ते नगण्य असतं, पण सगळं मिळून टेलच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते. इथे कोअरने घेतलेल्या तुकड्यातलं उरलेलं परत करताना 1 मिलिसेकंद स्वतःकडे राखून ठेवायची सोय होती, आणि पिरियड संपला की हा राखलेला वेळ बाद होत असे. चार कोअरच्या यंत्रात त्याचं काही वाटत नाही. 80 कोअरच्या यंत्रात मात्र थोडं थोडं काम करणारे पुष्कळ थ्रेड एकेका कोअरला शिवून गेले, तर जवळपास 80 मिलिसेकंदं नुसतीच अडकून बाद होऊ शकतात.

हे आधी का दिसलं नाही? कारण 2014 मधल्या एका बदलामुळे शिल्लक वेळ बाद करणारी तपासणी बिघडली होती, आणि शिल्लक प्रत्यक्षात बाद होतच नव्हती. एका दोषाने दुसरा झाकला गेला होता. 2018 मध्ये 4.18 या आवृत्तीसोबत ती तपासणी दुरुस्त झाली, नियम लिहिल्याप्रमाणे लागू झाला आणि लोकांचे सर्व्हर अडखळू लागले. शुद्ध हेतूने केलेली दुरुस्ती होती ती. तिने मूळ रचनेतली चूक उजेडात आणली.

इंडीड या नोकरी शोधून देणाऱ्या कंपनीतले डेव्ह चिलक या प्रश्नामागे हात धुऊन लागले. त्यांनी दोष दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, इतिहासातला नेमका बदल शोधला आणि उपाय सुचवला: कोअरपाशी उरलेला वेळ बाद करूच नका. त्याने फार तर दर कोअरमागे 1 मिलिसेकंद इकडचं तिकडे होईल, पण सरासरी मर्यादा पाळलीच जाईल. 80 कोअरच्या यंत्रावर 10 मिलिसेकंदांचा कोटा देऊन केलेल्या मुद्दाम रचलेल्या चाचणीत काम जवळजवळ तीस पट वाढलं. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 5.4 मध्ये ही दुरुस्ती दाखल झाली. हा बदल मुख्यतः ओळी काढून टाकणारा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मर्यादा मिलिसेकंदापर्यंत काटेकोर पाळायच्या अट्टहासातून जो कोड आला होता, तोच निघाला.

त्यानंतरचा काळ डागडुजीचा आहे. सीग्रुपच्या नव्या रचनेत कोटा आणि पिरियड त्याआधीच, 2018 मध्ये, एकाच फाइलमध्ये आले होते. अलिबाबातल्या अभियंत्यांनी ‘बर्स्ट’ आणलं, ते 2021 च्या 5.14 मध्ये दाखल झालं: शांत पिरियडमध्ये न वापरलेला कोटा ठरावीक मर्यादेपर्यंत साठवायचा आणि गर्दीच्या क्षणी वापरायचा. वेबसाइटवरची गर्दी नेहमी लाटांनी येते, त्यामुळे हे शहाणपणाचं होतं. माझ्या मते पहिल्या दिवसापासूनच असायला हवं होतं. 2023 च्या 6.6 मध्ये पाळी ठरवण्याची सीएफएसची पद्धत बदलली आणि तिच्या जागी 1995 च्या एका निबंधावर बेतलेली ईईव्हीडीएफ आली, पण कोट्याची यंत्रणा तशीच पुढे चालू राहिली.

एक जुनं दुखणं बरीच वर्षं रेंगाळलं. एखादी प्रोसेस कर्नेलच्या आत एखादं कुलूप हातात घेऊन उभी असतानाच तिच्या गटाचा कोटा संपला, तर ती कुलूप घेऊनच थांबायची. त्या कुलपासाठी बाहेर ज्यांचा कोटा शिल्लक आहे असे दुसरे गट खोळंबायचे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या अभियंत्यांनी यावर वर्षानुवर्षं पॅच फिरवले. अखेर 2025 मध्ये जो मार्ग स्वीकारला गेला त्यात गट एकदम गोठवला जात नाही. प्रत्येक प्रोसेस कर्नेलमधलं काम आटोपून बाहेर पडत असताना तिला थांबवलं जातं. मर्यादा आली त्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

या साऱ्या इतिहासावरून माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याला वेळ विकायचा आहे, ज्याला ग्राहकाला रोज सारखीच सेवा द्यायची आहे किंवा बेफाम सुटणाऱ्या कामापासून इतरांना वाचवायचं आहे, त्याला मर्यादा हवीच. आपल्याच संस्थेच्या आपल्याच सेवांना एकमेकींपासून सांभाळायचं असेल, तर बहुतेक वेळा योग्य वजन पुरतं. शेजारी शांत असताना काम अडवून कुणाचं भलं होत नाही. लिमिट हा आकडा रिक्वेस्टची नक्कल करून लिहिला जाऊ नये, एवढी शिस्त तरी पाळायला हवी.

ज्यांच्या हाती सर्व्हर आहेत अशा वाचकांना एक विनंती. कोटा लावलेल्या प्रत्येक गटाच्या सीग्रुप फोल्डरमध्ये सीपीयूच्या आकडेवारीची एक छोटी फाइल असते. किती पिरियड गेले, त्यातल्या किती पिरियडमध्ये गट थ्रॉटल झाला आणि एकूण किती वेळ तो थांबून राहिला, हे तीन आकडे तिथे मिळतात. सेवा मंद झाल्याची तक्रार आली, तर नवं यंत्र मागवण्याआधी ती फाइल उघडून पाहा.